आमचा पोटाचा क्लास

जपून ठेवलेली वस्तू ऐनवेळी सापडत नाही आणि न जपलेले किस्से मात्र हात घालावा तिथे लागतात, असा माझा अनुभव आहे. सकाळी जेमतेम तासभर एकत्र येणाऱ्या आणि त्यातला निम्मा वेळ उताण्या पडून छताकडे पाहणाऱ्या बायकांच्या बाबतीत सांगण्यासारखे काय घडणार, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. पण हळूहळू इतके साठले, की परवा भाचीचा फोन आला तेव्हा तिने कशासाठी केला होता, हे विचारायचेच राहून गेले. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका. क्रमाने सांगते. मला मध्येच तोडलेली गोष्ट खपत नाही.

नांदेडला आमच्या कॉलनीच्या बागेला लागून एक लहानसे सभागृह आहे. तिथे प्रज्ञा नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी बायकांकडून पोटाच्या स्नायूंचे व्यायाम करून घेते. मुलगी मूळची लोह्याची, बोलायला मऊ आणि शिकवायला कडक. बाहेरच्या फलकावर 'उदरस्नायू बळकटीकरण वर्ग' असे लिहिलेले आहे. तो मजकूर मी दिला. पण ऑटोवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे त्याला 'पोटाचा क्लास' म्हणतात, आणि आता माझ्याही तोंडी तेच बसले आहे.

मी गेले ती पाठीसाठी. डॉक्टर म्हणाले, "काकू, दुखते पाठ, पण दोष पोटाचा आहे. पुढचे स्नायू काम करीत नाहीत, म्हणून मागच्यांवर ओझे पडते." मी जुनी मॅट्रिक आहे. कारण नीट समजावून दिले, की मी ऐकते.

मंगलताई आल्या कंबर कमी करायला. त्या निलंग्याकडच्या. शमीमआपा आल्या, कारण जन्म शिलाई मशीनवर वाकून गेला. आणि गंगाबाई आल्या, त्या उठता यावे म्हणून.

गंगाबाईंचे नीट सांगायला हवे. त्यांचे शेत कंधारजवळ. पोटाचे मोठे ऑपरेशन झाले आणि मुलाने, बालाजीने, त्यांना नांदेडला आपल्या फ्लॅटवर आणले. जखम केव्हाच भरली होती, पण बाईंना जमिनीवरून स्वतःचे स्वतः उठता येईना. त्यांना गावी परत जायचे होते. बालाजीची एकच अट होती. "आई, भुईवरून कोणाच्या हाताबिगर उठून दाखव, मग जा. इथं आम्ही हाव. तिथं आखाड्यावर तुला कोण उठवणार?"

आखाडा म्हणजे शेतातले घर. तिथे जायचे, तेही येळवशीच्या आत, असा बाईंचा निश्चय होता. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळे गाव शेतात जेवते. कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, करतात, आत पूजा मांडतात. पूजा भुईवर, पंगत भुईवर.

"मागच्या येळवशीला मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसिवलं, काकू," गंगाबाई पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या. "मव्हंच शेत, अन् मीच पाव्हणी!"

✻

पहिला दिवस.

प्रज्ञाने चटया मांडल्या आणि सांगितले, "दाराकडे पाय करून सगळ्यांनी पाठीवर झोपायचं."

कोणी हालले नाही. दार दक्षिणेला होते.

"दक्षिणेला पाय?" मंगलताई म्हणाल्या. "अगं, एवढ्यात नको!"

"बरं, मग डोकं दाराकडे करा."

आता पाय उत्तरेच्या भिंतीकडे आले. त्या भिंतीवर देवांच्या आणि थोर पुरुषांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. इथे मात्र प्रज्ञाच आधी घाईने म्हणाली, "नाही नाही, तिकडे नको!"

पश्चिमेकडे पाय करायचे ठरले. शमीमआपा हळूच म्हणाल्या, "तुम्ही करा बेटा, मी बसून घेते. त्या बाजूला आम्ही नमाज पढतो." मग एकीला वगळून कसे करायचे? सगळ्यांनी पूर्वेकडे वळायचे ठरवले, तर गंगाबाई चटईवरून बाजूला झाल्या. "उगवत्या सूर्याला पाय दावू? न्हाई माय!"

प्रज्ञाने चारी दिशांकडे एकेकदा पाहिले आणि म्हणाली, "चला, आज उभ्यानेच करू."

दुसऱ्या दिवशी तोडगा शमीमआपांनीच काढला. ब्लाउजचे कापड आपण जसे आडवे-उभे न धरता तिरपे, उरेब कापतो, तशा चटया उरेब टाकायच्या. म्हणजे पाय कोणत्याच दिशेला नाहीत! आजही आमच्या सभागृहात चटया कोपऱ्याकडे तोंड करून तिरप्या असतात. एकदा महापालिकेचे कोणी साहेब पाहणीला आले आणि म्हणाले, "फरशी वाकडी बसलीय का हो?"

✻

व्यायाम मोजायचे काम आळीपाळीने एकेकीकडे असते. प्रज्ञाचा नियम असा, की मोठ्याने मोजायचे. मोठ्याने मोजणाऱ्याला श्वास कोंडून धरता येत नाही. हा नियम मला फार शास्त्रशुद्ध वाटतो.

गंगाबाईंची पाळी आली. आम्ही गुडघे वाकवून पडलो होतो. बेंबी आत ओढायची, पाठ जमिनीला टेकवायची आणि मान किंचित उचलायची.

गंगाबाईंनी सुरुवात केली, "लाभ... दोन... तीन..."

"आजी, एक कुठं गेला?" प्रज्ञाने विचारले.

"एक न्हाई म्हनत. रास मोजताना पयल्या मापाला लाभच म्हनायचं. कामून? एकावर थांबलं, तर पुढं काय येनार?"

"पण आजी, इथे आपण धान्य कुठं मोजतोय?"

"मग काय मोजून राहिलो आपण?" गंगाबाईंनी पडल्या पडल्याच स्वतःच्या पोटावर थाप मारली. "सत्तर वर्सांचं धान्यच हाय की हे!"

मी शिस्तीची बाई आहे. आकडे आकड्यांसारखे म्हणावेत असे माझे मत. पण त्या दिवसापासून आमच्या क्लासमध्ये कोणीही 'एक' म्हणत नाही. मीसुद्धा नाही.

✻

प्रज्ञाने एकदा सांगितले, की व्यायाम फक्त चटईवर करायचा नसतो. रांगेत उभे असताना, भाजी घेताना, कोणाशी बोलताना पोट हलके आत ओढून ठेवावे. सवय लागते आणि अंगाची ठेवणही सुधारते.

मंगलताई ही विद्या घेऊन निलंग्याला पुतणीच्या लग्नाला गेल्या. परत आल्या त्या तोंड पाडून.

"काय झाले?" मी विचारले.

"काकू, मंगलाष्टकांपासून पोट आत धरून उभी होते. म्हटलं, आज सासरच्या बायका बघतीलच. बघितलं की! थोरल्या जाऊबाई जवळ आल्या, माझा हात धरला अन् सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, 'मंगल, लई वाळलीस गं! शुगर निघाली काय?' मग चुलत सासूबाई आल्या. त्या म्हणाल्या, 'तोंडावर कळाच राहिली न्हाई. लपवू नको, काय दुखतंय?' दोघींनी मला खुर्ची दिली. एकीनं तर डोळ्याला पदर लावला!"

"मग तुम्ही काय केलेत?"

"काय करणार? तिथंच पोट सोडून दिलं अन् दुसऱ्या पंगतीला पण बसले. तवा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला."

✻

तरीही आपली कंबर कमी झाली आहे, हा मंगलताईंचा दावा कायम होता. आमच्यात याचा निवाडा करू शकेल अशी एकच व्यक्ती होती. अर्ध्या कॉलनीची मापे शमीमआपांच्या डोक्यात आहेत. पण या बाबतीत त्या फार सभ्य आहेत. एकीचे माप दुसरीला कधी सांगणार नाहीत.

"आपा, तुम्हीच सांगा," मंगलताईंनी एका सकाळी सगळ्यांसमोर आव्हान दिले. "माझी परवानगी आहे. कमी झाली की नाही?"

शमीमआपा कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग तोलून होत्या. या व्यायामाला प्रज्ञा प्लँक म्हणते, आम्ही फळी म्हणतो. फळीत कोणाच्याही तोंडून शब्द फुटत नाही. आपांनी व्यायाम पुरा केला, सावकाश बसल्या, ओढणी नीट केली आणि म्हणाल्या, "बेटा, तुझ्या ब्लाउजात मी शिवणीच्या आत जादा कापड सोडते. पुढंमागं उसवावं लागलं तर असावं म्हणून."

"बरं, मग?"

"ते सोडायचं मी अजून बंद केलं नाही."

✻

लातूरला माझा धाकटा भाऊ अण्णा असतो. निवृत्त मुख्याध्यापक, पोट चांगले सुटलेले. दिवाळीनंतर मी त्याच्याकडे गेले आणि शिकलेली विद्या त्याला द्यायची ठरवली. सुरुवात श्वासापासून. पाठीवर पडायचे, डोळे मिटायचे, पोटावर एक जाड पुस्तक ठेवायचे. श्वास घेताना पुस्तक वर गेले पाहिजे, सोडताना खाली. सांगितलेला व्यायाम पुरा होईपर्यंत बोलायचे नाही. अण्णा माझ्या आज्ञेत आहे. त्याने शब्दकोश घेतला आणि बैठकीच्या मधोमध आडवा झाला. मी त्याच्या उशाशी घड्याळ घेऊन बसले.

भावजय आत कांदा चिरीत होती. दाराची घंटा वाजली म्हणून ती तशीच डोळे पुसत आली आणि दार उघडले. शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. त्यांनी भावजयीचे डोळे पाहिले. मग जमिनीवर पडलेला अण्णा पाहिला, त्याच्या पोटावर ठेवलेला ग्रंथ पाहिला आणि उशाशी गंभीरपणे बसलेली मी. चपला बाहेरच काढून ते पायांचा आवाज न करता आत आले. माझ्याजवळ वाकून अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारले, "कधी झालं?"

अण्णाने डोळे न उघडता एक बोट वर केले. एक श्वास राहिला आहे, थांबा, एवढेच त्याला सांगायचे होते!

शेजाऱ्यांच्या चपला संध्याकाळी भावजयीने नेऊन दिल्या.

✻

प्रज्ञाची आई एकदा लोह्याहून आली होती. मुलगी काय काम करते ते तिला प्रत्यक्ष पाहायचे होते. भिंतीशी खुर्ची टाकून बसली. समोर आम्ही सगळ्या तिरप्या पडलेल्या, आणि प्रज्ञा मधून फिरत एकेकीला सांगत होती, "कंबर टेकवा. हनुवटी वर नको. श्वास सोडा, काकू, श्वास!"

क्लास सुटल्यावर मी विचारले, "कशी वाटली लेक?"

"काय सांगू बाई," ती म्हणाली. "लहानपनी अभ्यास टाकून लोळत ऱ्हायची. उठ गं, उठ गं, म्हनून मव्हा घसा बसला. अन् आता बगा! एवढ्या मोठाल्या बाया, तिनं सांगितल्याबिगर लोळत न्हाईत!"

✻

आता गंगाबाईंचे.

प्रज्ञाने त्यांना पहिले कितीतरी दिवस उठायला लावलेच नाही. त्यांच्या सर्जनशी बोलून घेतले आणि फक्त श्वास व बेंबी आत ओढणे, एवढ्यावर ठेवले. मग एक पाय सरकवणे. मग कंबर उचलणे. गंगाबाई कंटाळत. "हे काय माय, पडल्या पडल्या काम? उठायचं कवा शिकवतीस?"

"आजी, आतलं पोट आधी जागं होऊ द्या. मग तेच उठवेल."

घरी सराव होत नव्हता. सून गुणाची. सासूबाई भुईवर पडल्या, की ती हातातले काम टाकून धावत यायची. "मी जरा मान उचलली, की हिनं मला उभंच केलं म्हना!" गंगाबाई म्हणाल्या. "आता मायेला कसं नको म्हनावं?" मग त्यांनी सराव आमच्याच चटईवर करायचे ठरवले. क्लास सुटल्यावर त्या मागे थांबत. बालाजी रोज कामावर जाण्याआधी स्कूटरवरून सोडायला यायचा आणि बाहेर झाडाखाली थांबायचा. आत बायका आहेत म्हणून दाराच्या आत कधी डोकावत नसे.

पुढे एका सकाळी गंगाबाई कोपरांपर्यंत उठल्या. आम्ही इतका गलका केला, की बागेत चालणारे थांबले. पण मग त्यांना खोकला झाला, आठवडाभर अंथरुणात गेल्या, आणि परत आल्या तेव्हा कोपरांपर्यंतही उठवेना. चटई गुंडाळताना एवढेच म्हणाल्या, "खुर्चीच आणा म्हनावं यंदाबी."

प्रज्ञाने त्यांच्या हातातून चटई काढून घेतली आणि पुन्हा पसरली. "श्वासापासून परत धरू, आजी. पडा." आणि त्या पडल्या.

येळवस जवळ आली. बाजारात भज्जीच्या, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीच्या, शेंगा दिसू लागल्या. एका सकाळी गंगाबाई आत आल्या त्या थेट मंगलताईंना म्हणाल्या, "मंगल, भाईर जा अन् मव्हा बालाजी झाडाखाली हाय, त्याला आत घेऊन ये."

"आज?" प्रज्ञाने विचारले.

"आजच."

बालाजी आला. दारात बूट काढले, हेल्मेट हातातच राहिले. एवढ्या बायका पाहून त्याने मान खाली घातली. आम्ही पदर, ओढण्या सारख्या करून बाजूला झालो. गंगाबाई मधल्या चटईवर आडव्या झाल्या. गुडघे वाकवले. दोन्ही हात छातीवर आडवे बांधले, म्हणजे हाताचा आधार घेतला असे कोणी म्हणू नये.

"श्वास सोडत उठायचं, आजी," प्रज्ञा म्हणाली. तिचा स्वतःचा श्वास मात्र तिने धरून ठेवला होता.

गंगाबाईंची मान उचलली गेली. मग खांदे. मध्येच त्या थांबल्या. चेहरा लाल झाला, पाय किंचित हलले. शमीमआपा ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होत्या. मंगलताईंनी माझे मनगट इतके घट्ट धरले, की बांगडी रुतली. आणि मग कशी कोण जाणे, त्यांची पाठ चटईपासून सुटली आणि गंगाबाई ताठ बसल्या! बसल्या, एका अंगावर वळल्या, एक गुडघा टेकला, दुसरे पाऊल रोवले आणि उभ्या राहिल्या. हात अजून छातीवरच होते.

मंगलताईंनी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच ठेवले. कारण बालाजीकडे आमचे सर्वांचे एकदमच लक्ष गेले होते.

तो हसायचा प्रयत्न करीत होता. हेल्मेट या हातातून त्या हातात घेत होता.

"जमलं की गं, आई," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "आता तर तू जाशीलच."

गंगाबाई त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग सावकाश खाली बसल्या, चटईवर पुन्हा आडव्या झाल्या आणि एक हात वर केला.

"उठव," त्या म्हणाल्या.

"आजी, अहो तुम्हाला आता येतं की..." प्रज्ञा पुढे झाली.

"तू गप, माय."

बालाजीने हेल्मेट खाली ठेवले. चटईजवळ येऊन वाकला, दोन्ही हातांनी आईचा हात धरला आणि तिला उठवून उभे केले. गंगाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्याचा हात सोडला नाही.

"हं. आता सांग," त्या म्हणाल्या, "कंधारची येष्टी कितीला हाय?"